बाभळीकडची बाजू

“हात लावून बघा,” राजेश्रीबाई म्हणाल्या. “गार लागतंय की नाही? हा चुन्याचा गिलावा. निजामाच्या काळात गवंडी चुना बैलाच्या घाणीत मळायचे, त्यात गूळ घालायचे. म्हणून अजून टिकलाय.”

आठवीच्या पोरांनी देशमुखांच्या समाधीवरच्या छत्रीला तळहात टेकवले.

सोनपेठकडच्या त्या गावाचं जुनं स्मशान ओढ्याच्या काठाला होतं. काळ्या दगडाच्या समाध्या, कुणावर नंदी, कुणावर पावलं कोरलेली. बायका तिकडं जात नसत. राजेश्रीबाई मात्र वर्गच घेऊन आल्या होत्या. परभणीला प्रदर्शन होतं आणि शाळेने विषय दिला होता, ‘आमच्या गावची स्मारकं’. पावलं म्हणजे गोसाव्याची समाधी, नंदी म्हणजे लिंगायत वाण्याची, दगड चुन्याशिवाय एकमेकांत कसे बसवलेत, हे सगळं त्या रंगून सांगत होत्या.

“बाई, तिकडं काय हाय?” योगीराजनं बाभळींकडं बोट केलं.

“तिकडं तान्ही लेकरं पुरतात. पाहण्यासारखं काही नाही. चला, ऊन चढतंय.”

बाई झपाझप फाटकाकडं निघाल्या, तशी पोरंही मागं निघाली.

प्रत्येकानं एक वास्तू निवडायची, चित्र काढायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या, असं ठरलं होतं. सोमवारी कागद जमा झाले. बहुतेकांनी छत्री काढली होती. रेणुकानं काढलं होतं ओढ्यातल्या गोट्यांचं एक रिंगण, मध्ये मातीचा उंचवटा आणि त्यावर पालथी वाटी.

बाईंनी तो कागद वर्गाला दाखवला.

“हे काय गं? मी तासभर घसा कोरडा केला, आणि तू दगडांचा ढिगारा काढलास? याला वास्तू म्हणतात?”

वर्ग हसला. बाईंनी लाल पेनानं चित्रावर आडवी रेघ ओढली.

रेणुका उभीच होती. “बाई, ही बी कुणीतरी बांधलीच की.”

“कुणी बांधली?”

“म्हाईत न्हाई. माझी आई दर अमावस्येला तिथं पाणी घालती. मी इचारलं की गप बसती.”

हसणं जागच्या जागी थांबलं. राजेश्रीबाईंनी पेनाला टोपण लावलं. “बस खाली,” त्या कशाबशा म्हणाल्या आणि फळ्याकडं वळल्या. फळ्यावर काय लिहायचं होतं, ते त्यांना आठवेना.

दिवसभर ती लाल रेघ डोळ्यांपुढून हलली नाही. मेलेल्या लेकरावर आपण वर्गाला हसवलं. रेणुकाच्या पाठचं असेल नाहीतर आधीचं, असेल कुठलंही. त्यांचा स्वतःचा जगला तो एकच मुलगा, पुण्याला शिकायला. तो लांब असला तरी जीव टांगणीला लागायचा. आणि रेणुकाची आई महिन्याच्या महिन्याला एकटी त्या बाभळीत जात होती.

रेणुकाची आई कडूबाई परकी नव्हती. राजेश्रीबाईंच्या सासूबाई, नर्मदाबाई, यांच्या हाताखाली तिनं शेतात कापूस वेचला होता. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा घरच्यांपेक्षा कडूबाईच जास्त रडली होती. इतक्या वर्षांच्या ओळखीत आपण तिला कधी लेकराबाळांचं विचारलंही नाही, याची बाईंना आणखी लाज वाटली.

शाळा सुटल्यावर त्या थेट तिच्या घरी गेल्या.

कडूबाईनं घाईनं पोतं अंथरलं. “बाई, तुमी कामून आलात? निरोप धाडायचा, मी आले असते.”

“नाही, मलाच यायला पाहिजे होतं. मी चुकले, कडूबाई. रेणुकाच्या चित्राला मी नको ते बोलले. पोरांना हसवलं. मला माहीत असतं तर...”

“तुमाला कसं म्हाईत असणार?”

कडूबाईचा आवाज शांत होता. त्यामुळं बाईंची मान आणखी खाली गेली.

“मुलगा होता का?”

“पोर व्हती. दोन-तीन दिसांची. बारसं बी झालं न्हाई. मी आपली बाळी म्हणते.”

“तुमचं काळीज मोठं,” राजेश्रीबाई म्हणाल्या. “दर महिन्याला जाता. मला तर त्या बाजूला पाऊलसुद्धा...” त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. “काही काही गोष्टी विचारायच्याच नाहीत, असंच आमच्या घरात होतं. तीच सवय लागली.”

कडूबाईनं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. मग तिनं आत हाक मारली. “रेणुके, हापशावरून घागर भरून आण.”

पोर घागर घेऊन गेली. ती वळणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत कडूबाई दारात उभी राहिली.

“रेणुकाच्या आधीची का नंतरची?” बाईंनी हळूच विचारलं.

“मला एकच लेक हाय, बाई. रेणुका. दुसरं लेकरू झालंच न्हाई.”

“मग ती?”

“ते गोटे नर्मदाबाईंनी बसवले. वंजळीत एक-एक आणून. लय वर्सं त्याच पाणी घालायच्या, कुणाला कळू न देता. गुडघे गेल्यावर मला लावून दिलं. म्हणल्या, ‘कडे, कुठं बोलू नको. तिची आई आपल्या पायानं इचारायला आली, तरच सांग.’”