दोन चमचे लोणी

"अजून दीड किलो वाढलं," आहारतज्ज्ञ म्हणाली आणि तिने त्याला काट्यावरून उतरायला सांगितलं. तो उतरला. बूट घालायला वाकला तेवढ्यानेच त्याला धाप लागली. अकरा वर्षं आघाडीवर काढलेल्या त्या माणसाने बुटाच्या नाडीपुढे हात टेकले आणि नाडी तशीच लोंबत ठेवली.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातला हा वजनाचा विभाग. इथे येणाऱ्यांचं शरीर लढाईतून परत आलेलं असे, मन तिकडेच अडकलेलं. त्यावरच्या गोळ्यांनी भूक वाढे, वजन चढे, आणि ते उतरवायचं काम आहारतज्ज्ञाच्या गळ्यात पडे. बाई तोंडाने फटकळ होती. लाडाने नवऱ्याच्या ताटात वाढत राहणाऱ्या बायका तिने आजवर पुष्कळ पकडल्या होत्या. आजही तिला वास आलाच होता. तिने त्याला बाहेर बसवलं, त्याच्या बायकोला आत बोलावलं आणि हृदयाचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला.

"ताई, आठ महिने झाले. हे रोज चालतात, सांगितलं तेवढंच खातात, तरी वजन वाढतंय. हवा खाऊन कोणी फुगत नाही. घरात काय चाललंय ते खरं सांगा. असंच राहिलं तर हृदय फार तर वर्षभर साथ देईल, असं डॉक्टर म्हणतात."

बायको कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिने रिपोर्टकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं.

"मी लोणी घालते. भाजीत. दोन्ही वेळेला दोन-दोन चमचे. ह्यांना कळू न देता."

"म्हणजे गोडीगुलाबीने जीव घेताय त्यांचा."

बायको रडली नाही. रागावलीही नाही.

"बारीक होते तेव्हा हे गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसायचे, मॅडम. पाय बाहेर सोडून. विचारलं तर म्हणायचे, पहारा देतोय. एकदा माझ्यादेखत दोन्ही हात सोडले. मी शर्ट धरून मागे ओढलं."

"मग गच्चीला कुलूप लावायचं."

"लावलं, तोडलं. जागा बदलली, तिथेही गच्ची होतीच. मनाच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी वजन वाढलं. मग एक दिवस ह्यांना कठड्यावर अंग उचलता येईना. तीनदा प्रयत्न केला आणि खाली येऊन झोपले. त्या रात्री मीही झोपले. सहा वर्षांनी." तिने रिपोर्टची घडी घातली. "हृदय एक वर्ष तरी देतंय म्हणता. कठडा तेवढंही देत नाही."

 इतकी वर्षं आपण कुणाकुणाला काय काय सुनावलं असेल, या विचाराने आहारतज्ज्ञाला स्वतःची लाज वाटली.

"ह्यांना सांगू नका," बायको म्हणाली आणि औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तो आत आला. लोण्याचा विषय काढायचा नाही, इतर कुठे काही कमी करता येतं का तेवढंच बघायचं, असं आहारतज्ज्ञाने ठरवलं होतं. तिने त्याच्याकडून जेवणाची वही मागून घेतली. इथल्या प्रत्येकाला रोजचं खाणं लिहून आणावं लागे. खरं तर आठ महिन्यांत तिने ही वही धड वाचली नव्हती. आठवड्याला चाळीस वह्या येत. ती शेवटच्या पानावर सही करी आणि परत देई.

आज तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अक्षर सरळ, टापटिपीचं होतं. सकाळी दोन पाव, बिनसाखरेचा चहा. दुपारी भाजी, त्यात लोणी दोन चमचे, हिने गुपचूप घातलेलं. संध्याकाळी भाजी, लोणी दोन चमचे. तिने चार पानं उलटली, मग वीस. सगळीकडे तेच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, लोण्याची चव कुणाला कळत नाही?"

"आणि तरी खाता? रिपोर्ट वाचलाय ना?"

"वाचलाय." त्याने दाराबाहेर पाहिलं. बायको अजून रांगेतच होती. "पण मी जाडा राहिलो की तिला झोप लागते."

आहारतज्ज्ञाचे डोळे भरून आले. आता दोघांनाही एकत्र बसवू, मनाच्या डॉक्टरांनाही बोलावू, सगळं नव्याने सुरू करू, असं तिच्या मनात आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला या माणसाची आशा वाटली.

"निदान कठड्यापासून तरी लांब राहिलात, दादा," ती म्हणाली. "तेवढं तरी साधलं."

"म्हणजे तिने सांगितलं तुम्हाला." तो ओशाळून हसला. मग वही मिटून त्याने हळू आवाजात सांगितलं, "त्या दिवशी ती मागे उभी होती, म्हणून चढता येत नाही असं दाखवलं. खुर्ची लावली की येतं चढता. ती कामाला गेली की दुपारी जाऊन बसतो. आजवर ती घरी यायच्या आत उतरलोय."