पाच फूट नऊ इंच

"हा माझा रवी नव्हे," कृष्णमूर्तीराव म्हणाले. "माझा रवी पाच फूट नऊ इंच आहे."

कावेरीच्या घाटावर श्रीनिवासाचार्यांनी पळसाच्या देठांचा माणूस मांडला होता. डोक्याच्या जागी नारळ. लांबी जेमतेम हातभर. देह सापडला नाही की असा पुतळा करून त्याला अग्नी देतात. रविकिरण मालवाहू जहाजावर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी वादळात तो समुद्रात पडला आणि सापडलाच नाही. कंपनीचं मृत्यूचं पत्र आलं, पण घरात त्याच्या फोटोला हार चढला नाही. 'येईल तो,' एवढंच कृष्णमूर्तीराव म्हणत, आणि विषय बंद.

सून अमूल्या बाजूला उभी होती. नवरा गेला हे तिला केव्हाच कळलं होतं. पण सासरे 'येईल' म्हणत असताना रडायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्याला मारायचं. दोन वर्षं ती रडली नव्हती. आजचा विधी तिनेच हट्टाने ठरवला. सासरे नुसतं 'सरी', बरं, एवढंच म्हणून मुकाट्याने आले, तेव्हाच तिला धास्ती वाटली होती. आता म्हातारा सगळं उधळून लावणार, असं तिला वाटलं.

"रायरे, शास्त्राला एवढा पुरतो," आचार्य म्हणाले.

"शास्त्राला पुरत असेल. मला नाही पुरत."

कृष्णमूर्तीरावांनी खिशातून टेप काढली. शिवरामपेठेत चाळीस वर्षं दुकान चालवलेला शिंपी, त्याच्याशी मापावरून कोण भांडणार? ते मांडी घालून बसले. जुडीतले उरलेले देठ जोडून पाय लांबवले, खांदे रुंद केले, उजवा हात डाव्यापेक्षा अर्धा इंच लांब ठेवला, कारण रवीचा तसाच होता. आचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

पुतळा मनासारखा झाला. मग त्यांनी पिशवीतून निळ्या चौकड्यांचा नवा शर्ट काढला.

"बेडा, बेडा! शिवलेलं नको," आचार्य दचकले. "कोरं वस्त्र लागतं."

"माणूस देठांचा चालतो नव्हे? मग शर्ट शिवलेला चालू दे. तुमचं कोरं आत घाला, माझं वर."

आचार्यांना हसू आवरलं नाही. त्यांनी मान डोलावली.

शर्ट अमूल्याच्या हातात आला. ती सासऱ्यांच्याच दुकानात बसून ब्लाउज शिवते. नवा कपडा हातात आला की आधी उलटा करून पाहायचा, ही तिची सवय. बाजूच्या शिवणीच्या आत या दुकानात इंचभर जास्तीचं कापड सोडतातच. गिऱ्हाईक वर्षभराने सुटलेलं पोट घेऊन परत येतं, तेव्हा उसवून शर्ट सैल करायला ते उपयोगी पडतं. या शर्टात शिवणीपुरतं सोडून सूतभरही जास्त नव्हतं. आपण कुठे उभ्या आहोत हे विसरून ती बोलून गेली.

"मामा, आत कापड सोडलंच नाही की! पुढे घट्ट झाला तर उसवायचं काय?"

आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली. कृष्णमूर्तीरावांनी तिच्या हातातून शर्ट घेतला आणि सुलटा केला.

"मुद्दामच नाही सोडलं," ते म्हणाले. "तो परत यायचा नाही, अमूल्या. रड आता."