शांत कॅप्टन

शाळेचं कॅप्टनपद मिळवायला शर्वरीने वर्गावर्गात भाषणं ठोकून घसा बसवून घेतला. ऐन मतदानाच्या आदल्या आठवड्यात तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या चैतन्यच्या बाबांची रेल्वेने भुसावळला बदली केली. चैतन्य झाशी सोडून गेला, मतपत्रिकेवर त्याचं नाव तेवढं मागे राहिलं. शर्वरीने निकालाआधीच पेढे वाटून टाकले.

चैतन्य दणदणीत मतांनी निवडून आला.

"अरे, वो तो यहाँ है ही नहीं!" शर्वरी बसक्या घशाने किंचाळली.

"यही तो बात है, दीदी," तिचाच पेढा चघळत नववीतला अमित म्हणाला. "ना टोकेगा, ना भाषण देगा."

सहामाहीला प्राचार्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की इतका शांत कॅप्टन शाळेला आजवर लाभला नव्हता. रिकाम्या खुर्चीला टाळ्या पडल्या. दुसऱ्या सत्राची निवडणूक पुढच्या महिन्यात होती.

शर्वरीचे बाबाही रेल्वेतच. घरी आल्या आल्या ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्हीपण भुसावळला बदली मागून घ्या ना."

"का गं? हरलीस म्हणून पळून जातेस होय?"

"पळत नाहीये हो. या खेपेला मला जिंकायचंय."