सतरा नंबरची बाटली

“पुन्हा कर,” सर म्हणाले. हे तिसऱ्यांदा.

तिला काही कळेना. सतरा नंबरच्या बाटलीतल्या गाळात ते हिरवट खनिज भरभरून निघालं होतं. हे खनिज दूर दक्षिणेकडच्या थंड प्रदेशातल्या खडकांतलं. इथल्या डोंगरांत आणि मातीत ते औषधालाही सापडायचं नाही, असं सर ठासून सांगायचे. मग ते इथल्या समुद्राच्या तळाशी आलं कुठून? वीस हजार वर्षांपूर्वी दक्षिणेचा एक थंड प्रवाह इथवर यायचा, त्यानं आणलं. सव्वीस वर्षं सर हेच सिद्ध करत होते. त्यांच्या विषयातली निम्मी माणसं माना डोलवायची, निम्मी हसायची. पुढच्या आठवड्यात त्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. अशा वेळी एवढा भक्कम पुरावा हाती आल्यावर एखाद्यानं उड्या मारल्या असत्या. सर मात्र सकाळपासून तोंड पाडून बसले होते.

तिची नोकरी कंत्राटी होती. “या तीस बाटल्या नीट तपासून दे, मग तुला कायम करतो,” असं सरांनी सांगितलं होतं. बाटल्यांवर फक्त नंबर होते. कुठला गाळ किती खोलवरून काढला, ते सरांच्या वहीत. आई रोज दारातच विचारायची, “झालीस का गं कायम?” चप्पल काढायचीही सवड द्यायची नाही.

तिनं पुन्हा सुरुवात केली. गाळाची भुकटी ॲसिडमध्ये टाकली. बाकीच्या बाटल्यांतल्या भुकटीत शिंपल्यांचा चुना होता, त्यामुळे ती सोड्यासारखी फसफसायची. सतरा नंबर याही खेपेला ढिम्म. त्याचं कारण तिनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं: थंड प्रवाहाचं पाणी चुना खाऊन टाकतं, म्हणजे या ठिकाणी प्रवाह सर्वांत जोरात असणार. या वाक्यावर ती मनातल्या मनात बेहद्द खूश होती. मग तिनं भुकटी धुतली, काचपट्टीवर पसरली आणि क्ष-किरणांच्या मशीनपाशी नेली.

“सरांना झालंय तरी काय?” मशीनवाल्या काकांनी विचारलं. “सकाळपासून तीनदा येऊन गेले. मशीन बरं आहे ना, मशीन बरं आहे ना! सव्वीस वर्षांत माझी तब्येत विचारली नाही कधी.”

तिला हसू आलं नाही. आलेख बाहेर आला. त्या हिरवट खनिजाचा तोच उंचवटा, त्याच जागी, इतर सगळ्यांपेक्षा उंच. सरांना खूश करायला आपण काहीतरी बनवलंय, असा तर त्यांना संशय नाही ना? मग कसलं कायम नि कसलं काय. आणि हा विचार मनात येताच तिला भयंकर राग आला. डोळ्यांत तेल घालून काम केलं, त्याचं हे फळ!

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर वही उघडून बसले होते. त्यांनी आलेख हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“बाटल्यांची अदलाबदल?”

“नाही.”

“भांडी नीट धुतली होतीस?”

“दर वेळी नवी घेतली, सर. मी लबाडी केलेली नाही.” ती टेबलापाशी सरकली. “तुमचंच म्हणणं खरं ठरतंय, आणि तुम्ही माझ्याकडे मी चोर असल्यासारखं बघताय. माझं काय चुकलं ते तरी सांगा.”

“तुझं काही चुकलं नाही. उद्यापासून तू कायम.”

हे ऐकून ती आणखीच गोंधळली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मग झालंय काय, सर?”

सरांनी वही मिटली. “तू मला खूश करायला आकडे बनवतेस का, ते मला बघायचं होतं. म्हणून एका बाटलीत गाळ घातलाच नाही. मागच्या महिन्यात कुंडीसाठी घरामागच्या टेकडीवरून माती आणली होती. त्यातलीच मूठभर वाटून मी सतरा नंबरमध्ये भरली.”