मंजुळाबाईची धुरी

मंजुळाबाईची दाढ दुखत होती आणि ही गोष्ट चौसाळ्यात कुणाला कळता कामा नये, असा तिचा हुकूम होता. अख्ख्या पंचक्रोशीच्या दाढेतल्या किडी तिनं धुरी देऊन पाडल्या होत्या. तालुकदार कचेरीतला एक कारकूनसुद्धा आपल्या किडी रुमालात बांधून हसत गेला होता. आता तिचीच दाढ किडली म्हटल्यावर लोकांना काय तोंड दाखवायचं?

लवंग झाली, हिंगाचा खडा झाला. मिश्री चोळून चोळून हिरडी सोलली. मुलगा त्रिंबक सकाळी म्हणाला, "बीडच्या दवाखान्यात चल, डागदर उपटून देतोय." बाईनं त्याला नजरेनंच शेतावर हाकललं. मग सुनेला, वत्सलेला, दार लावून परात मांडायला सांगितलं.

परातीत पाणी, मधोमध वीट, विटेवर निखारा, निखाऱ्यावर तेलात भिजवलेलं रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी. वर भोक पाडलेलं मडकं पालथं, भोकात पपईच्या देठाची नळी. नळीतून धूर तोंडात घ्यायचा, म्हणजे दाढेतल्या किडी कासावीस होऊन नळीवाटे पाण्यात पडतात. बाई हे आपल्या आईकडून शिकली होती आणि आजवर दुसऱ्या कुणाला मडक्याला हात लावू दिला नव्हता.

बी तडतडलं. नळीला तोंड लावणार तोच अशी कळ आली की बाई गाल धरून भिंतीला टेकली. वत्सला आधीच चौकस. मडक्याखाली काय चालतं, हे तिला लग्न झाल्यापासून बघायचं होतं. तिनं मडकं उचललं.

"आत्या, किडी पडल्यात."

"पडनारच. माज्या हाताला गुन हाय."

"पर तुमी तोंड कुटं लावलंय आजून?"

बाई कळ विसरून पुढं सरकली. पाण्यावर पांढऱ्या, वाकड्या, इवल्या किडी तरंगत होत्या. तिनं सुनेकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं. मग स्वतः ताजं पाणी घेतलं, नवं बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि दोघी लांब जाऊन बसल्या. धूर नळीतून निघून आढ्याला लागला. मडकं उचललं, तर पुन्हा किडीच किडी. बाईनं एक बोटावर घेऊन नखानं दाबली.

"बियातला कोंब हाय गं ह्यो," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी लोकास्नी काय दाखवलं?" तिचा आवाज इतका बारीक झाला की वत्सलेला तिची दया आली.

तेवढ्यात दार वाजलं. केजचा आश्रुबा होता. गालाला फडकं बांधलेलं, बैलगाडीत हादरे खाऊन पार पिळून निघालेला.

"बाई, दवाखान्यात पकडीनं उपटत्यात म्हनं. मला लई भ्या वाटतंय. तुमच्या हाताला गुन हाय, म्हनून आलो."

बाईनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग परात पुढं ओढली.

आश्रुबानं जीव खाऊन धूर ओढला, ठसकला, लाळ गाळली. बाईनं मडकं उचलताच पाण्यातल्या किडी बघून त्याचे डोळे विस्फारले. त्यानं जिभेनं दाढ चाचपली. पुन्हा चाचपली.

"गेली की ओ कळ! लई आराम पडला!" तो बाईच्या पाया पडला, वत्सलेकडून सुपारीचं खांड मागून घेतलं आणि कडाकडा चावत गेला.

दोघी परातीकडं बघत राहिल्या.

"त्याचं कसं काय थांबलं, आत्या?"

बाईनं उरलेलं बी निखाऱ्यावर टाकलं, नळी तोंडात धरली, डोळे घट्ट मिटले आणि धूर खोल ओढला. बराच वेळ तशीच बसली. डोळे उघडले तेव्हा ते भरले होते आणि दाढ ठणकतच होती.

"जा, त्रिंबकला बोलीव," ती म्हणाली. "दवाखान्यात जावं लागतंय."

वत्सला उठून दारापर्यंत गेली.

"आन् वत्सले," मागून सासूचा आवाज आला, "ते मडकं तू उद्या उचललं असतंस, तर माजीबी कळ थांबली असती."