लाल चौकट

"एकच तुकडा बदलायचा होता, दोन कशापायी बदलले?" अर्जुनरावांनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"एक इशारा, एक शेवटचं पान," रोहिणी म्हणाली. "मजकूर वाढला की शेवट जुळवावा लागतो, साहेब."

"बरं बरं. काढ छापून."

अर्जुनरावांचा बीडला चारा बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रांचा कारखाना होता आणि यंत्रांबरोबरच्या माहितीपुस्तिका रोहिणी लिहायची. लिहायची म्हणजे तुकडे लिहायची. ते जुळवून पुस्तिका संगणक आपोआप तयार करायचा. एक इशारा एकदा लिहिला की एकेचाळीस पुस्तिकांत जाऊन बसायचा. सोय मोठी होती. पण तोच एका जागी पुसला की एकेचाळीस ठिकाणांहून जायचा.

आणि तो पुसला गेला होता. 'चारा अडकला तर आधी वीज बंद करा, मगच हात घाला.' ही लाल चौकट बघून गिऱ्हाईक बिचकतं, असं अर्जुनरावांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यांनी ती काढायला सांगितली आणि रोहिणीनं मुकाट्यानं काढली. त्या दिवशी आपलं तोंड का शिवलं होतं, याची तिला आता चीड येत होती. पाच दिवसांपूर्वी लिंबागणेश गावच्या आसारामच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यानंतर विकलेल्या एका यंत्रात गेली होती.

उद्या चौकशी होती. आसारामच्या घरातल्या पुस्तिकेत इशारा सापडला तर चूक त्याची. नाही सापडला तर कारखान्याची, आणि भरपाईही कारखान्याकडूनच.

छापून आलेल्या नव्या पुस्तिकेत अर्जुनरावांनी लाल चौकट तेवढी तपासली आणि पुस्तिका मिटली.

"संगणकात इशारा काढणारी म्हणून नाव तुजं हाय, माजं न्हाई," जीपमध्ये बसताना ते म्हणाले. "ध्यानात ठेव."

लिंबागणेशला जीप देवळापाशी थांबली. रोहिणी एकटीच आसारामच्या घरी गेली. कारखान्यातून पुस्तिका तपासायला आले आहे म्हटल्यावर त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, ती देवाच्या फळीवरून अलगद काढून दिली. वर हळद-कुंकू होतं.

"खंडेनवमीला मशीनसंगं ह्यालाबी वाहिलं," मंजुळाबाई म्हणाली. "आमच्या सायलीनं पानन् पान वाचून दाखवलंतं ह्यांना."

खाटेवर आसाराम पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. "आदी लाइट बंद कर म्हून कुटं लिवलं असतं, तर मी असाच हात घातला असता का, ताई? दिवाळी झाली की उसाला जायचं हाय. कोयता कसा धरू आता?"

रोहिणी पुस्तिका घेऊन दाराकडे वळली. "गाडीत यादी आहे, तिच्याशी ताडून लगेच आणते," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

पुस्तिकेवरचं हळद-कुंकू बघून जीपमध्ये थांबलेले अर्जुनराव क्षणभर थबकले. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. देवळासमोरच्या दुकानातून त्यांनी पुड्या आणल्या आणि नव्या पुस्तिकेवर स्वतःच्या बोटांनी हळद-कुंकू लावलं.

"बघ बरं. नवमीचंच वाटतंय का न्हाई?"

जुनी पुस्तिका त्यांनी चहावाल्याच्या भट्टीत सारली. तिचं शेवटचं पान काळं पडेपर्यंत रोहिणी बघत राहिली. मग तिनं नवी नेऊन दिली. मंजुळाबाईनं ती कपाळाला लावून फळीवर ठेवली. रोहिणीला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी दीपमाला मॅडम आसारामच्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या. अर्जुनराव पांढरेशुभ्र कपडे घालून हजर होते. मॅडमनी पुस्तिका उघडली आणि लाल चौकट मोठ्यानं वाचली.

"हे न्हवतं ह्याच्यात!" सायली ओरडली. "मी सगळं वाचलंतं!"

"पोरगी हाय, वाचताना सुटलं आसंल," अर्जुनराव मायेनं म्हणाले.

आसारामनं मान खाली घातली. मॅडम सावकाश पानं उलटत होत्या. शेवटच्या पानाशी त्या थांबल्या.

"हे हळद-कुंकू कधी लावलं?"

"खंडेनवमीला," मंजुळाबाई म्हणाली. "तवापासून देवापाशीच हाय."

"खरं हाय, मॅडम," अर्जुनराव लगबगीनं पुढे झाले. "नवमीचंच हाय ते. तीच पुस्तिका हाय. मी लिहून देतो."

"द्या," मॅडम म्हणाल्या. अर्जुनरावांनी लिहून दिलं आणि खाली झोकात सही केली.

मॅडमनी कागदाची घडी घालून फाइलमध्ये ठेवली. "नवमी झाली एक तारखेला. अपघात दहा तारखेला. आणि ही पुस्तिका तयार झालीय काल, पंधरा तारखेला, सकाळी अकरा चाळीसला. इथं शेवटी छापलंय."

अर्जुनरावांनी पुस्तिका जवळजवळ हिसकावून घेतली, शेवटचं पान डोळ्यांशी धरलं आणि रोहिणीकडे वळले.

"ही तारीख कुटून आली? आपल्या पुस्तकात तारीख कदीच नसती!"

"आता असते, साहेब. संगणक आपोआप टाकतो," रोहिणी म्हणाली. "काल बदललेला दुसरा तुकडा तोच."