रकाना आठ: कारण

सातव्या रकान्यापर्यंत सगळं बिनबोभाट भरलं गेलं. सायमा इनुस शेख. मुलगी. वय नऊ. न्हावऱ्याच्या खालची वस्ती. आठव्यापाशी शाळेच्या ढमढेरेबाईंचं पेन थांबलं.

मूल शाळेत न येण्याचं कारण.

परिपत्रकात पाच कारणं दिली होती. बाईंनी वाचून दाखवली. वीटभट्टी. ऊसतोड. गुरं राखणं. धाकटी भावंडं. मतिमंद.

बस्स. आई घरी शिकवते, हे कारण सरकारला सुचलंच नव्हतं.

सायमाच्या आईची, फरीदाची, थोरली रुबी वस्तीवरच्या शाळेतून चौथी पास झाली होती. मामाचं पत्र आलं, तर तिला ते वाचता येईना. त्या दिवशी फरीदानं धाकटीचं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. ती स्वतः सातवी शिकलेली. लेकीच्या एक धडा पुढं राहायचं, म्हणून कांदे निवडता निवडता वाचायची. तीन वर्षं झाली. आता लेकच पुढं गेली होती.

बाईंबरोबर शाळा समितीचे अध्यक्ष सोपानराव आले होते. पटावर एक पोर कमी पडत होतं, आणि एका पोरापायी एक मास्तर जाणार होता. दिल्लीत कायदा झालाय, ते समजावत होते. पोर घरी ठेवणं आता गुन्ह्यातच धरा. उद्या रेशनकार्डाचं काही झालं तर आमच्या दारात येऊ नका. आवाज मात्र गोड. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला आणि रेंज शोधत ते बांधापर्यंत गेले.

बाई जवळ सरकल्या.

"भाभी, एकच वाट हाय. शेवटचं कारण लिहिते. त्या पोरांच्या मागं कुणी लागत न्हाई."

फरीदानं लेकीकडं बघितलं. सायमा समोर बसून रजिस्टर उलट्या बाजूनं वाचत होती. ती वाचायची थांबली.

"लिवा," फरीदा म्हणाली.

सोपानराव परतले. बाईंनी त्यांना कारण सांगितलं. त्यांना ते पटेना. इनुस तर गावभर पोरीचं कौतुक सांगत फिरतो, म्हणाले. त्यांनी बाईंच्या पिशवीतलं पहिलीचं पुस्तक काढून सायमापुढं धरलं.

सायमा पानाकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली. येत नाही.

त्यांनी आकडे विचारले. मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दोन्ही वेळा तिनं तशीच मान हलवली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

सोपानरावांनी पुस्तक मिटलं. बापानं झाकून ठेवलं बिचाऱ्यानं, असं काहीसं पुटपुटले. सायमाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. या खेपेला माया खरी होती. तीच फरीदाला सोसवेना.

बाईंनी घाईघाईनं लिहिलं: मतीमंद.

रजिस्टर मिटणार, तोच सायमा पुढं वाकली. आईकडं न बघता तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "यातल्या 'त'ला पहिली वेलांटी असती."